जखमजोडीचा रस आणि चांदीचे कण

आईची जखम अकराव्या दिवशी उसवली. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं होतं, टाके काढून घरी येऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी चहा गाळताना तिला परकर ओला लागला. पाहिलं तर जखमेचं खालचं टोक चार बोटं उघडलेलं, आतून पिवळट पाणी येत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत पू आहे, आता पुन्हा शिवायचं नाही. शिवलं तर पू आत कोंडेल. जखम उघडी ठेवायची, तळापासून भरत येऊ द्यायची. रोज सलाइनने धुऊन ओली गॉझ आत बसवायची आणि वर कोरडी पट्टी लावायची.

मी तेव्हा बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत गावी आले होते. सुट्टी संपली तरी परत गेले नाही. सहा आठवडे ते ड्रेसिंग मी केलं. पहिल्या दिवशी गॉझची हातभर पट्टी आत मावली. आई आढ्याकडे बघत पडून राहायची आणि विचारायची, "आज किती?" मी सांगायची, "आज वीतभर कमी." मोजायला दुसरं काही नव्हतंच, आत जाणारी पट्टी हेच माप. तिसऱ्या आठवड्यात तळाशी लालभडक, दाणेदार, ओलसर मांस दिसायला लागलं. नर्सताई म्हणाल्या, "हे असं दिसलं की समजायचं, जखम भरायला लागली."

याच दिवसांत आत्ती एकदा ओंजळभर दगडी पाला घेऊन आली. खुरप्याचं लागलं, विळा लागला, की आमच्या कोरेगाव तालुक्यात घरोघर हाच पाला हातावर चोळून रस पिळतात. रक्त थांबतं, जखम चिघळत नाही, हे लहानपणापासून मी स्वतःच्या गुडघ्यांवर बघितलेलं. आत्तीचं म्हणणं होतं, "एवढी पट्ट्या भरत बसलीयस, चार थेंब सोड की आत." नर्सताईंनी हात जोडले, "मावशी, पोटाच्या जखमेत पाला नको." आत्तीला राग आला. मला दोघींपैकी कोण बरोबर आहे हे सांगता येत नव्हतं, आणि औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलीला ते सांगता येऊ नये याचं फार वाईट वाटलं. रस आम्ही घातला नाही. प्रश्न मात्र माझ्याबरोबर पुण्याला आला.

दोन वर्षांनी एम. फार्म.च्या थिसिससाठी विषय निवडून सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायची वेळ आली तेव्हा मी गाईड मॅडमना ही सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "सिनॉप्सिस नंतर लिही. आधी तुझ्या आत्तीचा रस प्लेटवर टाक."

तसंच केलं. कॉलेजच्या मागच्या कुंपणालगत पाला उगवलेला होता. घरी करतात तसा नळाखाली विसळून तळहातावर चोळला आणि न्यूट्रियंट अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर दोन थेंब पसरवले. दुसऱ्या प्लेटवर त्याच पाल्याचा उकळून, गाळून, बंद ठेवलेला काढा. दोन्ही ३७ अंशांवर रात्रभर इनक्युबेटरमध्ये. सकाळी काढ्याची प्लेट जवळपास कोरी होती. रसाची प्लेट काठापर्यंत भरली होती: पांढरट, पिवळसर, मध्ये एक केसाळ बुरशीचा ठिपका. माझ्या तळहातावरचं, नळाच्या पाण्यातलं, पानावरच्या मातीतलं सगळं त्यात आलेलं. ती प्लेट हातात धरून मी बराच वेळ उभी होते. आईच्या पोटात आम्ही हेच सोडणार होतो. आणि तरीही पाल्यात गुण नाही असं त्या प्लेटवरून ठरत नव्हतं. बोटावरच्या वरवरच्या खरचटण्याशी शरीर स्वतः झुंजतं, तिथे रस चालून जातो. पोटाच्या खोल जखमेची गोष्ट वेगळी.

या झाडाचं शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मराठीत एकदांडी, कंबरमोडी, आणि मला सगळ्यात आवडतं ते नाव जखमजोडी. लांब एका दांडीवर पिवळं-पांढरं लहानसं फूल, रस्त्याकडेला, बांधावर, रेल्वेच्या रुळांत, कुठेही. ते मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं आहे हे मला सिनॉप्सिस लिहितानाच कळलं. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे, म्हणजे जखमेवरचे, ६० उपचार सांगितले आहेत, पण ही वनस्पती सुश्रुतांच्या ओळखीची असणं शक्य नाही. ती नंतर आली आणि इथल्या शेतकरी बायांनी तिचा गुण स्वतः हेरला. म्हणून प्रस्तावनेत 'प्राचीन काळापासून' असं लिहायचं मी टाळलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण तसंही पुरेसं मोठं आहे, त्याला खोटं वय द्यायची गरज नाही.

सिनॉप्सिसच्या वेळी एका परीक्षकांनी विचारलं, "हळद का नाही?" प्रश्न रास्त होता. जखमेवर हळद म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांनाच ते पेटंट आठवतं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं, सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक होते. हळदीवर काम करणारे भरपूर आहेत, मला आत्तीच्या पाल्याला उत्तर द्यायचं होतं, एवढंच मी सांगितलं.

माझा विषय ठरला तो असा: जखमजोडीच्या काढ्याने चांदीचे अतिसूक्ष्म कण घडवायचे आणि ते घालून शस्त्रक्रियेच्या जखमेवर लावायचं जेल करायचं. आता चांदी कशाला, ते सांगते. चांदीचे आयन जिवाणूंना मारतात हे जुनं ज्ञान आहे. भाजलेल्या वॉर्डात पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम वर्षानुवर्षं वापरलं जातं. पण चांदी जास्त झाली की ती नव्या कातडीच्या पेशींनाही सोडत नाही. म्हणजे हवी आहे, पण थोडी आणि सावकाश. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून थोड्या चांदीत काम होतं आणि आयन हळूहळू सुटतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, आपल्याला हवे असलेले कण शंभराच्या आत. असे कण करायला एरवी तीव्र रसायनं लागतात. पाल्याच्या काढ्यातली फ्लेव्होनॉइडसारखी द्रव्यं तेच काम करतात: चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊन त्याची धातूची चांदी करतात आणि कणांभोवती लपेटून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणजे पाला इथे नुसता मिसळलेला नाही, कण घडवणाराच तो.

पाल्याचा एक नमुना वाळवून, कागदावर चिकटवून वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पक्की करून घेतली. मग १० ग्रॅम धुतलेली पानं १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात उकळून काढा गाळला. सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा पाण्यात विरघळणारा क्षार, तो १ मिलिमोलर, म्हणजे लिटरला फक्त ०.१७ ग्रॅम. ९० मिलि द्रावणात १० मिलि काढा. कागदावर हे एका ओळीत संपतं.

माझ्या पहिल्या बीकरमध्ये काढा पडायच्या आधीच द्रावण ताकासारखं पांढरं झालं. दुसऱ्यातही तेच. मी सिल्व्हर नायट्रेटची बाटली बदलली, तरी तेच. बीकर खिडकीत राहिला आणि दुपारपर्यंत तो पांढरा साका जांभळट करडा झाला, तेव्हा प्रॅक्टिकलची जर्नल आठवली: हे सिल्व्हर क्लोराइड. बीकर मी नळाच्या पाण्याने शेवटचं विसळत होते. त्या पाण्यातल्या क्लोराइडने माझी चांदी आधीच पकडून ठेवली होती. त्या दिवसापासून माझी काचेची भांडी वेगळ्या कपाटात गेली आणि प्रत्येक भांडं तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने विसळल्याशिवाय मी त्याला हात लावला नाही. बोटं मात्र आधीच काळी पडली होती. सिल्व्हर नायट्रेटचा डाग साबणाने जात नाही, कातडीचा वरचा थर झडला की जातो. त्या शनिवारी गावी गेले तेव्हा आईने माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "भाजलं का गं?"

ज्या दिवशी जमलं तो दिवस मला पुरता आठवतो. बीकर काळ्या कागदात गुंडाळून स्टिररवर ठेवला होता. काढ्याचा रंग कोऱ्या पातळ चहासारखा. अर्ध्या तासाने कागद बाजूला करून पाहिलं तर गडद पिवळा. दोन तासांनी काकवीसारखा तपकिरी, आणि तरीही आरपार स्वच्छ, तळाशी काही नाही. मी लेझर पॉइंटर मारला तर प्रकाशाची रेघ द्रावणातून सरळ उजळून दिसली. धातूची चांदी आपल्याला पांढरी माहीत, पण कण एवढे बारीक झाले की ते निळ्याजांभळ्या प्रकाशाचा घोट घेतात आणि उरलेला पिवळा-तपकिरी रंग आपल्याला दिसतो. द्रावण कोणता प्रकाश किती शोषतं हे दाखवणाऱ्या यूव्ही यंत्रावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान टेकडीसारखा गोल पीक आला. मॅडम खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आता हेच सलग तीनदा करून दाखव." तीनदा करायला मला महिना लागला. पावसाळ्यातला पाला आणि उन्हाळ्यातला पाला सारखा वागत नाही. उन्हाळी पाल्याने रंग लवकर यायचा पण कण मोठे व्हायचे आणि दोन दिवसांत तळाशी बसायचे. वनस्पतीपासून औषध करताना हेच सगळ्यात अवघड आहे, आणि हर्बल म्हणून विकणारे यावरच गप्प असतात. शेवटी मी एकाच दिवशी तोडलेला, सावलीत वाळवून डब्यात भरलेला पाला सगळ्या कामाला वापरला.

कणांचे फोटो आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काढून घेतले. बहुतेक कण गोल, काही जोडीने चिकटलेले.

जेलचं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. जेल घट्ट करणारी कार्बोपॉल पावडर पाण्यावर एकदम ओतली तर बाहेरून फुगून आत कोरड्या राहिलेल्या गाठी होतात, म्हणून चाळणीतून भुरभुरत टाकायची आणि रात्रभर भिजू द्यायची. सकाळी ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब टाकत ढवळायचं. काही थेंबांपर्यंत पाणीच असतं, आणि मग एका थेंबाला सगळं खळीसारखं घट्ट होतं. माझं घट्ट झालं, पण चांदीच्या कणांचं द्रावण मिसळलं की तासाभरात पुन्हा पातळ. ट्यूबमधून थेट ओघळ येईल इतकं. कार्बोपॉलला क्षार सोसत नाहीत, आणि माझ्या द्रावणात न वापरलेलं सिल्व्हर नायट्रेट आणि पाल्यातले क्षार तसेच होते. मग सेंट्रिफ्यूजवर कण तळाशी बसवायचे, वरचं पाणी टाकायचं, नवं डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा फिरवायचं, असं तीन वेळा. धुतलेले कण घातल्यावर जेल टिकलं. त्याहून मोठी गोष्ट अशी की धुण्यामुळे मोकळी चांदी निघून गेली, जी जखमेला त्रास देणारी होती. फिकट तपकिरी, पारदर्शक, बोटावर घेतलं तर थंड लागणारं असं ते जेल.

प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी कॉलेजच्या एथिक्स कमिटीसमोर अर्ज करावा लागतो. प्रत्येक उंदीर का हवा, किती दुखेल, दुखू नये म्हणून काय करणार, शेवटी त्याचं काय होणार, हे सगळं त्यात लिहायचं असतं. कमिटीतल्या पशुवैद्यक डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला आणि त्याने माझं काम बदललं. "तुम्ही शस्त्रक्रियेच्या जखमेवर म्हणता, आणि प्रयोग कातडीचा गोल तुकडा काढून करता. टाके घातलेली जखम कुठे आहे?" मी उघड्या जखमेचा विचार करत होते, कारण माझ्या डोळ्यांपुढे आईची उघडलेली जखम होती. मग दुसरा प्रयोग जोडला: पाठीवर सरळ छेद, त्याला टाके.

पहिल्या विस्टार जातीच्या उंदराला भूल देऊन त्याच्या पाठीचे केस काढले तेव्हा माझा हात थरथरत होता. तो तळहातावर उबदार होता, पोट हलत होतं. ॲनिमल हाऊसचे काका म्हणाले, "ताई, थरथरत्या हाताने कापाल तर त्याला जास्त त्रास. पाच मिनिटं बाहेर जाऊन या." मी गेले, पाणी प्यायले, परत आले. जखमा झाल्यावर प्रत्येकाला वेगळा पिंजरा, कारण एकत्र ठेवले तर ते एकमेकांच्या जखमा चाटतात, कुरतडतात. एका गटाला काही नाही, एकाला नुसतं जेल, एकाला सिल्व्हर सल्फाडायझिन, एकाला माझं जेल. प्रत्येक गटात सहा.

दर चार दिवसांनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून मार्करने कडा गिरवायची, ती आकृती आलेख कागदावर ठेवून आतले चौकोन मोजायचे. गॉझच्या पट्टीनंतर हे माझं दुसरं माप. चौथ्या दिवसाची आकृती आणि आठव्या दिवसाची आकृती एकमेकींवर ठेवली की आतला गोल बाहेरच्या गोलात बसायचा, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा. माझ्या जेलच्या गटातल्या जखमा नुसत्या जेलपेक्षा लवकर मिटल्या, खपल्या आधी पडल्या. सिल्व्हर सल्फाडायझिनच्या जवळपास गेल्या, पुढे गेल्या नाहीत.

टाक्यांच्या जखमांचा निकाल वेगळा आला. यात दहाव्या दिवशी भूल देऊन जखमेच्या दोन्ही बाजूंना चिमटे लावतात. एक चिमटा पक्का, दुसऱ्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, तिच्या टोकाला प्लास्टिकची बाटली. बाटलीत पाणी एकसारख्या धारेने सोडायचं आणि जखम जरा उघडायला लागली की त्याच क्षणी थांबवायचं. जितकं पाणी तितकी जखमेची ताकद. मी बाटलीतल्या पाण्याकडे बघायला हवं होतं, पण नजर जखमेवरच खिळायची. कड सुटताना आधी एक बारीक पांढरी रेघ दिसते, मग ती ओली होते. आईचं असंच झालं असणार, चहा गाळायला वाकताना.

इथे माझ्या जेलने फारसा फरक पडला नाही. आकडे थोडे वर होते, पण संख्याशास्त्राच्या हिशेबात तो फरक टिकला नाही. एका वर्गमित्राने सुचवलं, हा प्रयोग थिसिसमध्ये घालूच नको, उघड्या जखमेचा निकाल चांगला आहे तोच दाखव. मी पूर्ण तक्त्यासह घातला. स्वच्छ, नीट टाके घातलेली जखम आपली आपण जुळते. तिला कोरडं आणि स्वच्छ ठेवण्यापलीकडे फारसं काही लागत नाही. जेलला काम आहे ते उघड्या, जंतू शिरलेल्या जखमेत. आणि तिथेही मी उंदरांवरून माणसाचं काही ठामपणे सांगू शकत नाही, कारण उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पापुद्रा असतो, तो जखम ओढून मिटवतो. माणसाची जखम मुख्यतः नवं मांस आणि नवी कातडी येऊन भरते.

गावात बातमी पोचलीच. शेजारच्या काकूंच्या सुनेचं सिझर झालं होतं, त्यांनी फोन करून एक डबी मागितली. "तुझ्या हातचं आहे म्हटल्यावर बिनघोर लावू." मला त्यांचा विश्वास कळत होता आणि म्हणूनच नाही म्हणायला जड गेलं. माझं जेल निर्जंतुक नव्हतं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर ठेवून पाहिलं तेव्हा कण एकमेकांना चिकटून रंग करडा पडला होता, आणि त्यावर उपाय शोधायला माझ्याकडे वेळ उरला नव्हता. माणसांवर एकही चाचणी नव्हती. २०१९ मध्ये आपल्याकडे नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांनुसार साध्या रूपातलं जुनं औषधसुद्धा नॅनो रूपात आलं की त्याची सुरक्षितता नव्याने दाखवावी लागते. काकूंना मी एवढंच सांगितलं, की टाके कोरडे ठेवा, लाल झाले, गरम लागले, पाणी आलं, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आत्तीला मात्र मी प्लेटचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून मोबाइल जवळ-लांब केला. "हे माझ्या पाल्यातलं?" म्हणाली. मी म्हटलं, पाल्यातलं, हातातलं, पाण्यातलं, सगळंच. मग काढ्याच्या प्लेटचा फोटो दाखवला. ती जरा वेळाने म्हणाली, "मग उकळून घ्यायला पायजे हुतं, एवढंच ना?" बोटाला लागल्यावर एवढंच, पोटाला लागल्यावर एवढं पुरत नाही, असं मी म्हणाले. तिला ते पटलं की नाही, सांगता येत नाही.

आईला मी उंदराच्या भरलेल्या कातडीच्या काचपट्टीचा फोटो दाखवला. तो मुद्दाम अशा रंगाने रंगवलेला असतो की कोलॅजनचे धागे निळे दिसतात. जुन्या कातडीत ते टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले, नव्या जागी सगळे एकाच दिशेने, ओढलेल्या सुतळ्यांसारखे. आईने दोन्हींवरून बोट फिरवलं.

"हे नवं जुन्याएवढं घट्ट होतं का गं?"

"नाही होत," मी म्हटलं. "कितीही वर्षं गेली तरी ऐंशी टक्क्यांच्या आसपासच."

"तरीच," आई म्हणाली. "कळशी उचलली की अजून तिथंच ओढतं."